वोनहाइममधली बिअर-खेळांची संध्याकाळ: आखणी, नियम आणि सगळ्यांना धड घरी पोचवणं

पिण्याच्या बहुतेक खेळांत एक मूळचीच खोट असते. जो हरतो तो पितो. प्यायला की नेम चुकतो, नेम चुकला की पुन्हा हरतो, हरला की पुन्हा पितो. तासाभरात ज्याला सगळ्यात कमी सोसतं त्याच्याच पोटात सगळ्यात जास्त गेलेली असते, आणि तरबेज भिडू कोरडा उभा राहून हसत असतो. यात धोका आहेच, पण खेळ म्हणूनही हा डाव भिकार. चुरस तिथेच संपते. म्हणून खालची सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती केली आहे: प्रत्येकाच्या वाट्याचं पेय आधीच ठरवायचं, आणि हार-जितीला त्या मापाला हात लावू द्यायचा नाही.

आखणी जर्मनीतल्या विद्यार्थी वसतिगृहासाठी, म्हणजे वोनहाइमसाठी आहे. आखेन, म्युनिक, श्टुटगार्ट, डार्मश्टाट अशा गावांत मास्टर्स करणारी मराठी मुलंमुली बरीच, आणि पहिल्या सेमिस्टरमध्ये कधी ना कधी 'शनिवारी फ्लंकीबॉलला ये' असं बोलावणं येतंच (फ्लंकीबॉल म्हणजे मधल्या बाटलीवर नेम धरायचा सांघिक बिअर-खेळ). एक फरक आधी लक्षात घ्या. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५, शिवाय कागदोपत्री परवानाही लागतो. जर्मनीत बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी विकत घेता येते, कडक दारू अठराव्या. म्हणजे समोरचा तेवीस वर्षांचा जर्मन वर्गमित्र सात वर्षं पीत आलेला असू शकतो आणि त्याला आपलं माप ठाऊक असतं. आपल्यातल्या कित्येकांना ते अजून सापडलेलं नसतं. त्याच्या बरोबरीने प्यायची पैज मनातसुद्धा लावू नका.

माणसं आणि संघ

सोळा जण हा सोयीचा आकडा आहे. चार-चारचे चार संघ होतात, फ्लंकीबॉलला त्यातले दोन-दोन एकत्र येऊन आठ विरुद्ध आठही चालतात, आणि स्वयंपाकघरातली भांडी पुरतात. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा. 'आपले विरुद्ध त्यांचे' असं केलंत तर रात्री नऊपर्यंत एका कोपऱ्यात फक्त मराठी चालू असतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातले लोक फोन बघत बसतात.

न पिणारे सोळांत तीन-चार तरी असतात. कुणाच्या गळ्यात माळ, कुणाचा उपास, कुणाला गोळ्या चालू, कुणाला नुसतीच नको असते. कारण विचारायचं नाही. त्यांना लिंबूटिंबू करून ठेवायचं नाही आणि 'मग तू पंच हो' म्हणून बाजूलाही बसवायचं नाही. ते पूर्ण भिडू. बाटलीत काय आहे एवढाच फरक. मात्र पिणाऱ्यांपैकी असोत वा न पिणाऱ्यांपैकी, दोन जण त्या रात्री पूर्ण शुद्धीवर राहणार हे दुपारीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. दोन अशासाठी की एकाला कुणाला तरी घरी सोडायला जावं लागतं.

जागा, वार, वेळ

मे ते सप्टेंबर हा हंगाम. उजेड उशिरापर्यंत असतो आणि फ्लंकीबॉल बाहेरच खेळायचा असतो. वार शनिवार. रविवारी दुकानं बंद असल्यामुळे खरेदी शनिवारी उरकावी लागते. बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात, म्युनिकच्या राज्यात) तर दुकानं आठलाच बंद होतात, इतरत्र थोडा वेळ जास्त मिळतो. दुकान बंद असण्याचा एक फायदाही आहे: आणलेलं संपलं की संपलं.

रात्री दहा ते सकाळी सहा हा जर्मनीत शांततेचा काळ. रुहेत्साइट म्हणतात तो हाच. 'महिन्यातून एकदा पार्टीला परवानगी असते' ही वोनहाइममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी लोणकढी थाप आहे. कायद्यात असा हक्क कुठेही नाही. शेजाऱ्याने फोन केला तर पोलीस येतात, पहिल्यांदा समज देतात, दुसऱ्यांदा आले तर प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकतं. म्हणून आवाजाचे खेळ आधी, शांत खेळ नंतर, आणि सुरुवात सहाच्या आत. कॉमन रूम किंवा तळघरातली पार्टीची खोली हवी असेल तर हाउसमाइस्टरकडे (इमारतीची देखभाल बघणाऱ्याकडे) किंवा मजल्याच्या प्रतिनिधीकडे आठवडाभर आधी नाव नोंदवा. जिन्याच्या दारावर एक कागद लावा: तारीख, वेळ, 'त्रास झाला तर या नंबरवर फोन करा' आणि शेवटी 'तुम्हीही या'. या एका कागदाने निम्म्या तक्रारी मिटतात. जर्मन शेजाऱ्याला आवाजापेक्षा न सांगता केलेल्या आवाजाचा राग जास्त येतो.

बागेत पिणं साधारणपणे चालतं, पण काही शहरांत स्टेशनचा परिसर किंवा ठरावीक चौक वगळलेले असतात, आणि लहान मुलांच्या खेळाच्या मैदानापासून लांबच राहायचं. वोनहाइमच्या मागचं गवत सगळ्यात उत्तम.

खरेदी आणि माप

बाटल्या ०.३३ लिटरच्या घ्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाच टक्क्यांच्या बिअरमधून सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, छोटीतून १३. हिशोब ढोबळ आहे पण उपयोगी: ६५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात एका छोट्या बाटलीने साधारण ०.३ प्रोमिल (हजारात किती भाग अल्कोहोल, ते माप) चढतं, ५५ किलोच्या मुलीच्या रक्तात ०.४ च्या आसपास. शरीर तासाला ०.१ ते ०.१५ एवढंच उतरवतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग बदलत नाही. म्हणजे एक छोटी बाटली उतरायला दोन ते चार तास.

त्यावरून वाटा ठरतो: तीन खेळ, माणशी तीन छोट्या बाटल्या, आणि त्यातली निदान एक राडलर किंवा बिनअल्कोहोलची. राडलर म्हणजे बिअर आणि लिंबाचं सोडा-सरबत निम्मं-निम्मं, अल्कोहोल सुमारे अडीच टक्के. सोळा जणांना अठ्ठेचाळीस बाटल्या, म्हणजे चोवीसचे दोन क्रेट. एक क्रेट बिअरचा. दुसऱ्यात राडलर, बिनअल्कोहोल बिअर आणि आप्फेलशोर्ले (सफरचंदाचा रस आणि सोडा, थोडक्यात शोर्ले) यांची सरमिसळ. पेयांच्या मोठ्या दुकानात सुट्या बाटल्यांनी क्रेट भरू देतात. 'बिनअल्कोहोल' लिहिलेल्या बिअरमध्येही ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकतं, तेव्हा जो अजिबात घेत नाही त्याच्यासाठी ०.० टक्के असं स्पष्ट छापलेली बाटली किंवा सरळ शोर्ले घ्या, आणि त्याला लेबल दाखवा.

कडक दारू आणू नका. कुणी आणलीच तर ती कपाटात. खेळाच्या ओघात शॉटचं माप कुणी मोजत नाही.

बाकी यादी लहान आहे: लाल प्लास्टिकचे चोवीस-पंचवीस कप (धुऊन परत वापरता येतील असे), टेबल टेनिसचे सहा बॉल, एक छोटा फुटबॉल, दीड लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली, कचऱ्याच्या पिशव्या, कागदी रुमाल आणि पिण्याचं पाणी भरून ठेवायला मोठे जग. खर्च स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायच्या ॲपवर) टाकताना बिअर घेणारे आणि न घेणारे वेगळे ठेवा. न पिणाऱ्याकडून बिअरचे पैसे काढणं हा रडीचा डाव.

आधी जेवण

जेवण खेळांच्या आधी, साडेपाचला. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं. जठरात अन्न असेल तर ते तिथे हळूहळू पोचतं. नुसता चखणा पुरत नाही. शेंगदाणे आणि फरसाण म्हणजे मीठ, आणि मिठाने तहान वाढते.

सोळा जणांना पावभाजी सगळ्यात सोपी. बटाटे, फ्लॉवर, मटार, सिमला मिरची सगळं कुठेही मिळतं, मसाला आशियाई दुकानातून. लादी पाव मिळत नाही. दुधातले मऊ छोटे पाव मिळतात ते किंचित गोड असतात, पण लोणी लावून तव्यावर भाजले की भाजीच्या तिखटात ती गोडी जाणवत नाही. तिखट बेताचं ठेवा. फोडणी देताना कॉरिडॉरचं दार बंद आणि खिडकी उघडी, कारण स्मोक अलार्मला लसणाच्या फोडणीचा धूर आणि आग यांतला फरक कळत नाही. अख्खी इमारत खाली अंगणात आली की फ्लंकीबॉलला प्रेक्षक भरपूर मिळतात, पण त्या मार्गाने नकोत.

पहिला खेळ: फ्लंकीबॉल, साडेसहाला

लगोरी खेळला असाल तर निम्मा खेळ तुम्हाला आधीच येतो. दोन संघ समोरासमोर, मध्ये दहा ते पंधरा पावलांचं अंतर. प्रत्येकाच्या पायाशी त्याची उघडलेली बाटली. बरोबर मध्यभागी प्लास्टिकची बाटली, एक तृतीयांश पाण्याने भरलेली. कमी भरली तर वाऱ्याने पडते, जास्त भरली तर बॉल लागूनही हलत नाही.

एक संघ आपल्या रेषेमागून बॉल फेकतो. नेम चुकला तर पाळी दुसऱ्याची. बाटली पडली तर फेकणारा अख्खा संघ आपापली बाटली उचलून प्यायला लागतो. त्याच क्षणी समोरचा संघ पळत जाऊन मधली बाटली उभी करतो, बॉल गोळा करतो, परत आपल्या रेषेमागे येतो आणि 'स्टॉप' ओरडतो. स्टॉप ऐकलं की बाटल्या खाली. आळीपाळीने हे चालू राहतं. ज्याची बाटली संपली त्याने ती उलटी धरून दाखवायची. ज्या संघाच्या सगळ्या बाटल्या आधी रिकाम्या तो जिंकला.

मला हा खेळ सगळ्यांत आवडतो. इथे पिणं ही शिक्षा नसते आणि माप सगळ्यांना सारखं असतं: एक बाटली, बस. धावायचं असतं, नेम धरायचा असतो, वाद घालायचा असतो. न पिणाऱ्याने ०.३३ ची शोर्ले घ्यायची, साधं पाणी नाही. साधं पाणी तीन घोटांत संपतं. शोर्लेला बिअरसारखाच फेस आणि गॅस असतो म्हणून स्पर्धा सरळ होते. हा मुद्दा समोरचा संघ काढणारच, त्याआधी तुम्हीच काढा.

कामं वाटून घ्या. एक जण फक्त मधल्या बाटलीकडे धावणार, दुसरा बॉलमागे, बाकीचे रेषेवर थांबणार. सगळेच बाटलीकडे धावले की डोक्याला डोकं आपटतं आणि बॉल झुडपात तसाच राहतो. फेकताना वरून जोरात मारू नका. खालून, जमिनीलगत, बाटलीच्या तळाच्या जरा वर. घाईत बाटली हलवू नका, तोंडातून फेस येतो. ती तिरपी धरा म्हणजे आत हवा जाते आणि धार सलग येते. आणि घशाला जळजळलं तर थांबा, संघ अजून एक फेक वाट बघू शकतो.

भांडणं तीन ठिकाणी होतात, म्हणून तीन नियम आधी कागदावर लिहा. एक, स्टॉप कधी म्हणायचं: बाटली उभी आणि सगळे धावणारे बॉलसकट रेषेमागे, त्याआधी नाही. दोन, फेस सांडला तर काय. तीन, स्टॉपनंतर घोट घेतला तर काय. जर्मन रिवाजात दुसऱ्या-तिसऱ्याला दंड म्हणून आणखी एक बिअर मिळते. हा दंड सरळ काढून टाका, आपल्या मूळ तत्त्वाला तोच सुरुंग लावतो. दंड म्हणून त्या संघाची पुढची फेक जाते, किंवा रात्री भांडी घासायची पाळी. भांड्यांची धमकी बिअरपेक्षा परिणामकारक ठरते.

खेळ गवतावरच. डांबरावर काचेची बाटली फुटली तर संध्याकाळ संपली, शिवाय सकाळी कुणाच्या तरी सायकलचं चाक आणि कुत्र्याचा पाय. डाव पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. त्यानंतर तासभर कुणी काही पिणार नाही, पाणी सोडून. आपण एक बाटली फार वेगाने संपवली आहे, आणि तिचा परिणाम डोक्यात पोचायला वेळ लागतो. 'मला काहीच झालं नाही' हे वाक्य याच वेळात ऐकू येतं.

दुसरा खेळ: बिअरपाँग, आठला

हा मूळचा अमेरिकेतला. १९५० च्या दशकात डार्टमथ कॉलेजात टेबल टेनिसच्या बॅटने खेळायचे, बॉल हाताने टाकायचा प्रकार नंतरचा. टेबल सुमारे २.४ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद लागतं. अभ्यासाची दोन टेबलं टोकाला टोक लावून जोडली की काम होतं. दोन्ही बाजूंना दहा-दहा कप त्रिकोणात, चार-तीन-दोन-एक. दोन-दोन भिडूंच्या जोड्या. प्रत्येक जोडीला पाळीत दोन बॉल. समोरच्या कपात पडला की तो कप बाहेर. दोन्ही पडले तर बॉल परत मिळतात. कोपर टेबलाच्या कडेच्या पुढे जायचं नाही. टप्पा घेऊन टाकलेला बॉल कपात गेला तर दोन कप बाहेर, पण टप्पा पडल्यावर समोरच्याला तो हाताने उडवता येतो. सहा आणि तीन कप उरले की त्रिकोण पुन्हा नीट लावून मागायचा. प्रत्येक वोनहाइमचे नियम निराळे, म्हणून 'आमच्याकडे असं नसतं' ही चर्चा पहिल्या फेकीआधीच संपवा.

कपांत बिअर ओतू नका. जमिनीवर घरंगळून, कुणाच्या मोज्याला लागून, सोळा हातांतून फिरलेला बॉल ज्यात पडतो ते पिणं ही कल्पनाच मला कधी पटली नाही. कपांत तीन बोटं पाणी, आणि प्रत्येकाची आपली बाटली हातात. आता मूळ खोट दुरुस्त करूया: रिवाजाने कप गमावणारी जोडी पिते; आपल्याकडे कप गेला की दोन्ही जोड्या एकेक घोट घेतात. दोघांनी बाटल्या टेकवायच्या, एकमेकांच्या डोळ्यांत बघून प्रोस्ट म्हणायचं (डोळे चुकवणं जर्मन लोकांना खरंच खटकतं) आणि पुढची फेक. बाटली संपली की पुढचे घोट पाण्याचे. दुसरी उघडायची नाही.

सोळा जणांच्या आठ जोड्या, बाद पद्धतीने सात सामने. एकाच टेबलावर हे दहाच्या आत उरकत नाही. दोन टेबलं लावा किंवा सहा-सहा कपांवर खेळा.

तिसरा: फ्लिप कप, सव्वानऊला

हा पाच मिनिटांचा, आरडाओरड्याचा खेळ, म्हणून दहाच्या आधीच. लांब टेबलाच्या दोन बाजूंना संघ, प्रत्येकासमोर कपात दोन बोटं पेय. पहिल्याने प्यायचं, कप टेबलाच्या कडेवर तळ खाली ठेवायचा, अर्धा बाहेर लोंबता, आणि खालून बोटाने टिचकी मारून उलटा उभा करायचा. जमला की पुढचा भिडू. जोर कमी लागतो. नवशिके कप छताकडे उडवतात. टेबल पुसत राहा, ओल्यावर कप घसरतो. तिसरी बाटली, म्हणजे राडलर किंवा शोर्ले, यासाठीच ठेवली आहे. ती पाच फेऱ्यांना पुरते.

यादीत न घेतलेले

पत्ते ओढून 'चौकट आली, सगळे प्या' छापाचे खेळ मी मुद्दाम घेतले नाहीत. त्यांत कौशल्य शून्य आणि मापाचा पत्ता नाही. कास्टनलाउफ नावाचा एक प्रकार आहे: दोघांनी बिअरचा क्रेट उचलून काही किलोमीटर चालायचं आणि पोचेपर्यंत तो संपवायचा. वीस अर्ध्या लिटरच्या बाटल्या म्हणजे माणशी पाच लिटर. बोलावलं तर बघायला जा.

दहानंतर

खिडक्या बंद, बाहेरचे सगळे आत. आता पिण्याशी जोडलेला एकही खेळ नको. डम्ब शराड्स चांगलं जमतं, कारण त्यात आवाज करणंच नियमबाह्य. चहा टाका. आल्याच्या चहाला दहा वाजता जी मागणी येते ती बिअरला सातलाही नव्हती असं दिसेल. फोटो टाकण्याआधी फोटोतल्या प्रत्येकाला विचारा. जर्मनीत स्वतःच्या चित्रावरचा हक्क कायद्याने जपलेला आहे, आणि आपल्याकडच्यांसाठी त्याहून कडक कायदा म्हणजे घरचा व्हॉट्सॲप ग्रुप.

कुणाला जास्त झालीच तर

नुसती बडबड, रडू, एखादी उलटी: पाणी द्या, शेजारी बसा, एकटं सोडू नका. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, अंग गार पडून ओठ निळसर दिसत असतील, किंवा अर्धवट शुद्धीत उलट्या होत असतील तर ११२. ताबडतोब. 'झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल' हा सल्ला इथे जीव घेऊ शकतो, कारण पोटात असलेली दारू शुद्ध गेल्यावरही रक्तात मिसळत राहते. रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास बघत त्याला कुशीवर ठेवा, डोकं मागे आणि तोंड किंचित खाली म्हणजे उलटी घशात अडकत नाही. श्वास थांबलाच तर फोनवरचा माणूस सांगेल तसं छातीवर दाब द्यायला लागा. ओकारी काढायला घशात बोटं घालायची नाहीत, कॉफी पाजायची नाही, शॉवरखाली धरायचं नाही. पूर्ण पत्ता, इमारतीचा क्रमांक आणि मजला भिंतीवर आधीच लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या रस्त्याचं नावही आठवत नाही.

फोन करायला मुलं कचरतात ती पैशाला, व्हिसाला आणि घरी कळेल याला. सज्ञान माणसाने दारू पिणं हा गुन्हा नाही आणि रुग्णवाहिका बोलावल्याने व्हिसा जात नाही. सरकारी आरोग्य विमा असेल तर रुग्णवाहिकेचे स्वतःचे जास्तीत जास्त १० युरो पडतात. खासगी विमा असेल तर अटी आधीच वाचा. डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन असतं.

घरी जाणं

शेवटची बस कधी, हे संध्याकाळीच फळ्यावर लिहा. सायकल वोनहाइममध्येच राहू द्या: जर्मनीत १.६ प्रोमिलपासून सायकल चालवणं हाच गुन्हा आहे, आणि झोक जाताना सापडलात किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनही. भाड्याच्या ई-स्कूटरला लोक खेळणं समजतात. कायदा तिला मोटार वाहन समजतो: ०.५ ला दंड, १.१ ला गुन्हा, आणि २१ वर्षांखालच्यांना किंवा नव्या लायसन्सवाल्यांना शून्य. गुन्ह्याची नोंद पुढे निवास परवान्याच्या वेळीही समोर येऊ शकते. ज्यांची बस गेली त्यांच्यासाठी दोन-तीन गाद्या आणि पांघरुणं काढून ठेवा. कुणीही एकटं चालत जाणार नाही, आणि पोचल्यावर ग्रुपवर मेसेज. तो आलाय की नाही हे शुद्धीवरच्या दोघांनी बघायचं.

सकाळ

रात्री एकला ०.८ प्रोमिल असेल तर सकाळी सातच्या बेकरीच्या शिफ्टला ते पूर्ण उतरलेलं असेलच असं नाही. रविवारी कामावर असणाऱ्याने हा हिशोब आदल्या दिवशी करावा. डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉल घेऊ नका, दारूनंतर यकृतावर त्याचा भार पडतो; पाणी, मीठ-साखरेचं सरबत, मऊ भात. 'उतारा' म्हणून पुन्हा बिअर घेतल्याने फक्त त्रास दुपारवर जातो.

बाटल्या धुऊन क्रेटमध्ये परत. खरेदीच्या वेळी भरलेली अनामत दुकानात परत मिळते: बिअरच्या साध्या बाटलीमागे ८ सेंट, झटक्याच्या झाकणाच्या बाटलीमागे १५, एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीमागे किंवा कॅनमागे २५ आणि रिकाम्या क्रेटचे १.५० युरो. सगळ्या बाटल्या ८ सेंटच्या धरल्या तर चोवीसच्या दोन क्रेटांचे मिळून ६.८४ होतात. फुटक्या आणि अनामत नसलेल्या काचा काचेच्या डब्यात, पण रविवारी नाही: त्या दिवशी त्या डब्यात काच टाकण्याचा आवाजही नियमात बसत नाही. सोमवारी टाका, क्रेट मशीनला लावा आणि आलेली पावती स्प्लिटवाइजमधून वजा करा.